टीम सारखी हरतेय, डिफेन्समध्ये नेमकं काय बदलू? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लातूरला सिमेंटच्या कोर्टवर मी बरीच वर्षं पोरांना बास्केटबॉल शिकवतोय. सीझन आला की जिल्ह्यातले, शेजारच्या नांदेड-धाराशिवचे पीटीचे सर, नवे कोच, कधी कधी पालक पण फोन करतात आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून ठेवतोय. हे शालेय आणि कॉलेज लेव्हलच्या टीमसाठी आहे, जिथं शॉट क्लॉकची (२४ सेकंदांत शॉट घ्यायचा असतो, ते मोजणारी) मशीन नसते, बेंचवर चार-पाचच पोरं असतात आणि प्रॅक्टिसला दीड तास मिळाला तरी लई झालं असं वाटतं.

सर, आम्ही प्रत्येक मॅचला लई बास्केट खातोय. मॅन-टू-मॅन (प्रत्येकानं आपला ठरलेला माणूस धरायचा) सोडून झोन (माणूस नाही, जागा राखायची) लावू का?

थांबा. आधी कुठून खाताय ते मोजा, मग सिस्टिम बदला. हे मी नव्वद टक्के कोचना सांगतो आणि नव्वद टक्के कोच ते करत नाहीत, कारण प्रत्येकाला वाटतं की आपल्याला माहितीय.

मला पण वाटलं होतं. एका सीझनला आम्ही सलग हरत होतो आणि माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की समोरचे आपल्याला बाहेरून मारायलेत. दोन आठवडे मी पोरांना थ्री-पॉइंट लाइनवर पळत जाऊन हात वर करायला लावलं. मग एका मॅचला आमच्या एका पोराचा घोटा मुरगळलेला होता, बेंचवर बसून कंटाळला होता, त्याला मी शंभर पानी वही दिली आणि पाच रकाने आखून दिले: पळून मारलेले, आपण रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा उडालेला बॉल) सोडला म्हणून दुसऱ्या चान्सला मारलेले, पाचास पाच उभे असताना रिंगखाली मारलेले, बाहेरून मारलेले, फ्री थ्रो. प्रत्येक बास्केटला एक रेघ. मॅच संपल्यावर वही बघितली तर बाहेरच्या रकान्यात दोन रेघा होत्या. फक्त दोन. पहिल्या दोन रकान्यांत रेघा मावत नव्हत्या, पोरानं समासात मारल्या होत्या. दोन आठवडे मी ज्याच्यावर घाम गाळला ते दुखणं नव्हतंच.

म्हणून तीन मॅच ही वही भरा, प्रॅक्टिस मॅच असली तरी चालेल. ज्या रकान्यात सगळ्यात जास्त रेघा तिथून सुरुवात करा आणि एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त करा.

निस्ते पॉइंट मोजून चालत नाही का? ७० खाल्ले म्हणजे डिफेन्स खराब.

नाही ना. समोरच्या टीमला बॉल किती वेळा मिळाला त्यावर आहे. तुमचीच पोरं घाईघाईत शॉट टाकत असतील, बॉल हरवत असतील तर समोरच्यांना जास्त वेळा बॉल मिळणार आणि पॉइंट वाढणारच. समोरच्यांच्या ताब्यात बॉल किती वेळा आला ते मोजा आणि खाल्लेल्या पॉइंटला त्यानं भागा, तो आकडा खरा. डीन ऑलिव्हर नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं मॅचचा निकाल ठरवणाऱ्या चार गोष्टी मांडल्यात: शूटिंग, बॉल हरवणं, रिबाउंड आणि फ्री थ्रो. डिफेन्सला पण त्याच चार लागू होतात, निस्तं शूटिंग अडवणं म्हणजे डिफेन्स नव्हे.

वही भरली. फास्ट ब्रेकवरच, म्हणजे पळून मारलेल्यातच, सगळ्यात जास्त खातोय. काय करू?

आमच्याकडच्या बहुतेक टीमचं दुखणं हेच आहे आणि चांगली बातमी अशी की हे सगळ्यात लवकर बरं होतं.

फास्ट ब्रेक आपला शॉट सुटतो तेव्हाच सुरू होतो. आपला पोरगा शॉट मारतो आणि बाकीचे चौघं काय करतात बघा: दोघं रिंगखाली घुसतात, एक जण शॉट गेला का नाही बघत जागेवर उभा, एक जण हात वर करून "मला पास का नाही दिला" म्हणतोय. कोर्ट २८ मीटर लांब आहे. समोरच्यानं रिबाउंड घेऊन एक लांब पास टाकला की तीन-चार सेकंदात ले-अप, म्हणजे रिंगखालून सोपं बास्केट.

मी नियम ठेवला: शॉट हातातून सुटला की दोघं रिबाउंडला, तिघं मागं. कोण दोघं हे आधीच ठरलेलं. तिघांतला एक तर शॉट सुटताक्षणी हाफ लाइनवर पाहिजे, तो सगळ्यात शेवटचा राखणदार, त्यानं बॉलकडं बघायचं पण रिबाउंडच्या मोहात पडायचं नाही. दुसरा बॉलवाल्याच्या वाटेत, त्याला हळू करायला, वळायला लावायला. तिसरा मधल्या पट्ट्यात. मागं पळताना आपापला माणूस शोधायचा नाही, आधी रिंग झाकायची, मग बॉल थांबवायचा, मग माणसं वाटून घ्यायची, हाच क्रम. पोरं उलटं करतात, "माझा माणूस तिकडं होता सर" म्हणतात आणि रिंगखाली कोणीच नसतं.

तिघं मागं ठेवले तर आपले हल्ल्यातले रिबाउंड कमी होतील, होऊ द्या. हरणाऱ्या टीमनं हा सौदा डोळे झाकून करावा असं माझं ठाम मत आहे.

रिबाउंड सोडतो म्हणून मार खातोय. पोरं उंच नाहीत.

उंची पाहिजेच, नाही कशाला म्हणू, पण शाळेच्या लेव्हलला बहुतेक रिबाउंड उंचीनं जात नाहीत, पोरगं बॉलकडं बघत उभं राहतं म्हणून जातात. शॉट सुटला की आधी माणूस, मग बॉल, यालाच बॉक्स आउट म्हणतात. वळायचं, पाठ त्याच्या छातीला लावायची, बूड खाली, कोपरं बाहेर पण कोणाला न मारता, आणि मग वर बघायचं. ड्रिल एकदम साधं: रिंगखाली बॉल जमिनीवर ठेवा, आपल्या पोरानं समोरच्याला पाठीनं पाच सेकंद बॉलपासून लांब ठेवायचं, बॉलला हात लावायचाच नाही. दोन दिवसात पोरांना कळतं की हे पायाचं काम आहे.

आणि कोर्टवर मशीन असेल तर लक्षात ठेवा, शॉट रिंगला लागून समोरच्यांनीच रिबाउंड घेतला की क्लॉक १४ सेकंदावर येतं, म्हणजे २४ सेकंद चांगला डिफेन्स करून पोरं दमलेली आणि वर अजून १४ सेकंद. एक रिबाउंड सोडला की पोरांचा जीव निघतो तो असा.

मॅन-टू-मॅन लावलं की माझा पोरगा एकटा पडतो, समोरचा त्याला चकवून सरळ आत जातो.

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. चकवणारच. बॉल ज्याच्या हातात आहे त्याला माहितीय कुठं जायचं, डिफेंडरला माहिती नाही, एकास एक कधी ना कधी तो हरणारच. चूक त्याची नाही, बाकीच्या चौघांची आहे.

पोरांना मी कबड्डीवरून समजावतो, कारण कबड्डी त्यांच्या रक्तात आहे. रेडर आत आला की कोपरेवाला एकटा झेप टाकतो का? साखळी सरकते. रेडर डावीकडं गेला की सगळी साखळी डावीकडं. बास्केटबॉलमध्ये पण बॉल उजव्या बाजूला गेला की पाचही जण उजवीकडं सरकले पाहिजेत. ज्याचा माणूस लांबच्या बाजूला आहे त्यानं त्याला चिकटून उभं राहायचं नाही, रिंगच्या समोरच्या मधल्या रेषेवर एक पाय टाकायचा. एक हात बॉलकडं दाखवायचा, एक हात आपल्या माणसाकडं, दोन्ही दिसले पाहिजेत, मान फिरवायला लागली म्हणजे जागा चुकली.

आता बारकाईनं बघायची गोष्ट सांगतो. पुढच्या प्रॅक्टिसला बॉलकडं बघू नका, लांबच्या बाजूच्या पोराच्या पायाकडं बघा. पास झाला की त्याची मान वळते, पाय तिथंच राहतात. बॉल समोरच्याच्या हातात पडल्यावर मग पाय हलतात, तोपर्यंत उशीर झालेला असतो. बॉल हवेत असतानाच पाचही जणांचे पाय हलले पाहिजेत. एवढं एक जमलं तर अर्धा डिफेन्स झाला.

यासाठी शेल ड्रिल, चारास चार. हल्लेवाले फक्त पास करतात, शॉट नाही, ड्राइव्ह (बॉल टप्पे मारत आत घुसणं) नाही. प्रत्येक पासला मी "थांब" म्हणतो आणि चारही जणांची जागा बघतो. पहिले तीन दिवस लई कंटाळवाणं वाटतं, पोरं कुरकुरतात, तरी सोडू नका. चौथ्या दिवशी ड्राइव्हला परवानगी द्या. आत घुसणाऱ्याला रिंगजवळचा लांबच्या बाजूचा डिफेंडर अडवणार, आणि त्यानं सोडलेल्या माणसाला वरचा खाली येऊन घेणार. मदतीला गेलेल्याला पण मदत लागते, ही दुसरी कडी टीम विसरते आणि मग "हेल्प केली तरी खाल्लं" म्हणते.

बॉलवरच्या पोराला एकच काम द्या: मधून जाऊ द्यायचं नाही, साइडलाइनकडं ढकलायचं. साइडलाइन आपली सहावी खेळाडू आहे. मधून गेला तर दोन्ही बाजूंना पास दिसतो आणि मदत कुठून द्यायची तेच कळत नाही.

पोरं कोर्टवर बोलतच नाहीत ओ. शंभर वेळा सांगितलं.

"बोला रे" म्हणून कोणी बोलत नाही, काय बोलायचं ते द्या. आमचे चारच शब्द आहेत: "बॉल" म्हणजे बॉलवाला माझा, "मागं आहे" म्हणजे मदतीला मी उभा आहे, "स्क्रीन डावी" किंवा "स्क्रीन उजवी" (स्क्रीन म्हणजे समोरचा आपल्या डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा राहतो ते), आणि "शॉट" म्हणजे सगळ्यांनी माणूस धरा. कबड्डीच्या साखळीत हात धरलेला असतो म्हणून शेजारचा हलला की कळतं, इथं हात धरता येत नाही, आवाज हाच हात. शेल ड्रिलमध्ये ज्यानं आवाज दिला नाही त्याची टीम परत डिफेन्सला, एवढा एकच नियम ठेवा.

खेड्यातून आलेलं एखादं लाजरं पोरगं असतं, ते सिनियरवर ओरडायला कचरतं, "दादाला कसं ओरडू" म्हणतं. त्याला सगळ्यांसमोर सांगा की कोर्टवर दादा-बिदा काही नाही, आणि सिनियर पोरांना पण सांगा की त्यानं आवाज दिला की ऐकायचं.

झोन म्हणजे कमजोर टीमचा डिफेन्स असं म्हणतात, खरंय का?

नाही. अमेरिकेत सिराक्यूज युनिव्हर्सिटीनं कोच जिम बोहाइम यांच्याखाली २००३ ला कॉलेजची राष्ट्रीय चॅम्पियनशिप जिंकली ती २-३ झोनवर, म्हणजे पुढं दोघं, मागं तिघं. एनबीएमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) झोनवर बंदी होती, ती २००१-०२ च्या सीझनपासून उठली, त्यामुळं जुन्या लोकांच्या डोक्यात झोनबद्दल अढी राहिली असेल. अजून एक, एनबीए बघणारी पोरं मला सांगतात की डिफेंडर पेंटमध्ये (रिंगसमोरच्या चौकोनात) तीन सेकंदाच्या वर थांबला तर वायोलेशन होतं. ते एनबीएचं आहे. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमानं खेळतो, तिथं तीन सेकंद फक्त हल्ला करणाऱ्यांना. आपला सेंटर पेंटमध्ये खुशाल उभा राहू द्या.

आमच्याकडच्या उघड्या कोर्टवर तर झोनला अजून एक कारण आहे: दुपारनंतर वारा सुटला की थ्री-पॉइंट लाइनवरून, ६.७५ मीटरवरून, बॉल सरळ जात नाही. ज्या टीमला बाहेरून मारता येत नाही तिला बाहेरूनच मारायला लावणं शहाणपणाचं आहे. पण मॅन-टू-मॅनची जागा आणि सरकणं न शिकवता झोन लावला तर पाच पोरं पाच खांबासारखी उभी राहतात. १४ वर्षांखालच्या पोरांना तर मी आधी मॅन-टू-मॅनच शिकवतो.

२-३ झोन लावला, तरी फ्री थ्रो लाइनवरून खातोय.

वरचे दोघं एका रेषेत उभे आहेत म्हणून. एक बॉलवर गेला की दुसऱ्यानं खाली येऊन फ्री थ्रो लाइनवरचा माणूस झाकायचा, दोघं मिळून दोरीला बांधल्यासारखे वरखाली. बॉल कोपऱ्यात गेला की खालचा त्या बाजूचा बाहेर, मधला सेंटर रिंग आणि बॉलच्या मध्ये, लांबच्या बाजूचा खालचा रिंगसमोर. तिथं आळस झाला की उलट्या बाजूनं रिबाउंड जातो. झोनमध्ये माणूस ठरलेला नसतो म्हणून बॉक्स आउट विसरतं, ज्याच्या जागेत जो आहे तो त्याचा, एवढं घोकून घ्या.

समोरच्या टीमचा एकच पोरगा आम्हाला मारतोय.

बॉक्स-अँड-वन करून बघा: चौघं चौकोनात झोन, पाचवा त्या पोराच्या मागं सावलीसारखा, बॉल त्याच्याकडं येऊच द्यायचा नाही. लोक म्हणतात हा शाळकरी डिफेन्स आहे, पण २०१९ च्या एनबीए फायनलच्या दुसऱ्या मॅचला टोरंटोचे कोच निक नर्स यांनी स्टेफ करीवर हाच लावला होता. ती मॅच करीच्या वॉरियर्सनं काढली, सिरीज मात्र टोरंटोनं ४-२ नं जिंकली.

दोन अटी आहेत. बाकीच्या चौघांपैकी कोणाला बाहेरून मारता येत असेल तर लावू नका. आणि सावली म्हणून तुमचा सगळ्यात चांगला खेळाडू लावू नका, सगळ्यात चिवट लावा. आमच्याकडं एक बुटकं पोरगं होतं, हल्ल्यात त्याला कोणी पास देत नव्हतं, या कामात त्यानं असा जम बसवला की पुढच्या मॅचला समोरच्या कोचनी आधी त्याचीच चौकशी केली.

फुल कोर्ट प्रेस (पूर्ण कोर्टवर समोरच्यांना दाबून धरणं) लावू का? यूट्यूबवर बघितलं.

प्रेस भारी हत्यार आहे. कोच जॉन वूडन यांच्या यूसीएलए या अमेरिकन कॉलेज टीमनं २-२-१ झोन प्रेस वापरला आणि १९६४ ते १९७५ मध्ये दहा राष्ट्रीय टायटल नेली. समोरच्यांना ८ सेकंदात हाफ लाइन पार करायची असते, घाबरलेल्या टीमचा तिथंच गोंधळ होतो.

पण आधी बेंच मोजा. सोयाबीनच्या काढणीला निम्मी पोरं गावाकडं असतात, राहिलेल्यांत दोघांचे क्लासचे पेपर, सातच पोरं घेऊन मॅचला गेलोय मी कितीतरी वेळा. सात पोरांत चाळीस मिनिटं प्रेस होत नाही, तिसऱ्या क्वार्टरला पाय संपतात आणि मग हाफ कोर्टचा डिफेन्स पण जातो. आपलं बास्केट झाल्यावरच, आणि क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांतच लावा. दहा चांगली पोरं असतील तर गोष्ट वेगळी.

फाउल लई होतात. दुसऱ्या क्वार्टरलाच दोघं तीन-तीन फाउलवर.

हात खाली मारण्याची सवय. पाय उशिरा पोचले की हात जातो, म्हणजे मूळ दुखणं पायाचंच. रिंगजवळ बॉलवर झडप घालू द्यायची नाही, सरळ उभी उडी आणि दोन्ही हात वर, मग धक्का लागला तरी आपल्यावर फाउल यायला नको. क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्यांना दोन-दोन फ्री थ्रो, म्हणून बेंचवरच्या एकानं टीम फाउलचा आकडा मोठ्यानं सांगत राहायचं.

महिनाभर मी हे केलंय: डिफेन्स ड्रिलमध्ये पोरांना दोन्ही हातात एक-एक टेनिस बॉल धरायला लावतो. हात वापरताच येत नाही, झक मारून पाय हलवावे लागतात.

स्क्रीन लावली की आमचे दोघंही एकाच्याच मागं जातात.

एकच पद्धत ठरवा. सारख्या उंचीची पोरं असतील तर स्विच, माणसं बदलून घ्यायची. सेंटरची स्क्रीन असेल आणि बॉलवाल्याला बाहेरून मारता येत नसेल तर स्क्रीनच्या खालून जायचं. मारता येत असेल तर वरून, आणि सेंटरवाल्यानं एक क्षण बाहेर येऊन वाट अडवायची. काय करायचं ते मागचा, म्हणजे स्क्रीनरला धरलेला, ओरडून सांगणार, कारण पुढच्याला स्क्रीन दिसत नाही. तीन पद्धती एकदम शिकवू नका.

मुलींची टीम आहे, बऱ्याच जणी खो-खोमधून आल्यात. वेगळं काही?

तुमचं नशीब चांगलंय. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० ला खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, त्या मातीतला खेळ आहे हा, आणि खो-खोच्या मुलींचे पाय, झुकून पळणं, एका पावलात दिशा बदलणं हे मला मुलांना सहा महिने शिकवावं लागतं. एकच सवय मोडा: खो-खोत पळणाऱ्याच्या मागं लागायचं असतं, इथं पुढं जाऊन वाट अडवायची असते. पाठलाग करू नका, आधी पोचा, हे रोज सांगा.

मॅच चालू असताना डिफेन्स कधी बदलायचा?

लागोपाठ दोन बास्केट खाल्ली म्हणून बदलू नका. एकाच जागेवरून तीनदा खाल्लं तर बदला. टाइमआउट पहिल्या हाफला दोन, दुसऱ्या हाफला तीन मिळतात, एक मिनिटाचा असतो, त्यात एकच वाक्य सांगा. मी पण पूर्वी पाच गोष्टी सांगायचो, परत कोर्टवर गेल्यावर पोरं एकमेकांकडं बघायची.

किती दिवसांत फरक दिसेल?

मागं पळणं आठवड्यात सुधारतं. बॉक्स आउटला दोन आठवडे. मदतीची साखळी बसायला पाच-सहा आठवडे धरा, आणि मध्ये एखादी मॅच आधीपेक्षा वाईट जाईल, कारण पोरं विचार करत खेळतात आणि पाय अडखळतात. त्या मॅचनंतर सिस्टिम फेकून देऊ नका, बहुतेक कोच नेमकं तिथंच सोडतात.

प्रॅक्टिसला वेळच नाही, सगळी पोरं क्लासला जातात.

लातूर पॅटर्नमध्ये राहतो आम्ही, मला काय सांगता! साडेपाचला सुरू, सातला सोडायचं. पंधरा मिनिटं मागं पळणं, वीस मिनिटं शेल, दहा मिनिटं बॉक्स आउट, मग खेळ, आणि खेळात पण डिफेन्स थांबला की एक पॉइंट समोरच्यांना. उन्हाळ्यात तर नऊ वाजता सिमेंट पाय भाजतं, सकाळचीच वेळ बरी.

आमचं कोर्ट मातकट आहे, पोरं घसरतात, मग पाय कसे हलवायचे?

प्रॅक्टिसच्या आधी झाडून घ्या, पोरांनाच आळीपाळीनं लावा. आणि दोन्ही बेसलाइनला एक-एक गोणपाट ओलं करून पसरा. डेड बॉलला येता-जाता बुटाचे तळवे त्यावर घासायचे. पाण्याचा तुटवडा असला तरी एक तांब्या पुरतो, मी घरून बाटली नेतो.